वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतले शिक्षक, संप आणि करार

अमेरिकेतल्या सरकारी शाळांमधल्या शिक्षकांच्या संपांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं इथे देत आहोत. पगाराच्या हिशेबात जिथे ‘समजा’ म्हटलं आहे ते आकडे हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत.

प्रश्न : शिकागोत शिक्षक उघडपणे संप करतात, न्यूयॉर्कमध्ये मात्र शिक्षकांचा संप बेकायदा आहे असं वाचलं. देश एकच, मग कायदे दोन कसे?

दोनच काय, राज्यागणिक वेगळे आहेत. खासगी उद्योगातल्या कामगारांना संघटना करून मालकाशी वाटाघाटी करण्याचा हक्क १९३५च्या राष्ट्रीय श्रमसंबंध कायद्याने दिला. त्याच कायद्याने राज्य सरकारं आणि त्यांच्या अखत्यारीतल्या संस्थांना ‘मालक’ या व्याख्येतून वगळलं. सरकारी शाळा चालवणारं स्कूल डिस्ट्रिक्ट ही अशीच संस्था असल्यामुळे शिक्षकांचा प्रश्न प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाकडे गेला. स्थानिक सरकारी नोकरांना वाटाघाटींचा हक्क देणारं पहिलं राज्य विस्कॉन्सिन, साल १९५९. न्यूयॉर्क शहरातल्या शिक्षकांनी १९६० आणि १९६२ मध्ये संप केले, १९६२ मध्येच पहिला करार पदरात पाडून घेतला, आणि मग इतर राज्यांतही कायदे होत गेले.

आज ढोबळमानाने तीन गट दिसतात. पेनसिल्व्हेनिया, इलिनॉय, ओहायो, कॅलिफोर्निया, ओरेगन, मिनेसोटा, हवाई अशा डझनभर राज्यांत अटी पाळून केलेला संप कायदेशीर असतो. न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट यांसारख्या राज्यांत स्कूल बोर्डाने, म्हणजे डिस्ट्रिक्टचा कारभार पाहणाऱ्या मंडळाने, वाटाघाटी करणं बंधनकारक आहे, संपाला मात्र मनाई आहे. नॉर्थ कॅरोलायनात तर सरकारी संस्थेने युनियनशी करार करण्यालाच १९५९ पासून बंदी आहे. व्हर्जिनियातही अशी बंदी होती; २०२१ पासून तिथे स्थानिक बोर्डाने ठराव केला तर वाटाघाटी करता येतात.

मिळालेला हक्क परत घेतलाही जातो. ज्या विस्कॉन्सिनने सुरुवात केली, तिथेच २०११च्या कायद्याने शिक्षकांच्या वाटाघाटी फक्त मूळ पगारापुरत्या आणि महागाई निर्देशांकाच्या मर्यादेत आणून ठेवल्या. शिवाय युनियनला दर वर्षी नव्याने मतदान घेऊन मान्यता टिकवण्याची अट घातली, आणि त्या मतदानात मतं देणाऱ्यांचं नव्हे, सगळ्या पात्र कर्मचाऱ्यांचं बहुमत लागतं असं ठरवलं. त्यावर पुढे कोर्टकज्जे झाले. म्हणून संपाची बातमी वाचताना आधी राज्य कोणतं ते पाहावं; मागण्या त्यानंतर.

प्रश्न : मागण्या ठरण्यापासून संपापर्यंतचा क्रम कसा असतो? बातम्यांत फक्त शेवटचा दिवस दिसतो.

आधी प्रतिनिधित्व ठरतं. वाटाघाटीच्या गटात कोण येणार हे राज्याचं श्रममंडळ ठरवतं. शिक्षक, समुपदेशक, ग्रंथपाल, नर्स सहसा आत असतात; मुख्याध्यापक व्यवस्थापनाचे, म्हणून बाहेर. बऱ्याच राज्यांत गटातल्या ३० टक्के लोकांच्या सह्या मिळाल्या की मतदान मागता येतं, आणि बहुमत मिळालं की ती युनियन त्या गटाची एकमेव प्रतिनिधी ठरते.

करार बहुधा तीन वर्षांचा असतो. जाणत्या युनियन तो संपण्याच्या बरेच महिने आधी कामाला लागतात. शाळाशाळांतून प्रश्नावली भरून घेतात आणि गेल्या कराराच्या काळात आलेल्या तक्रारींची फाइल बाहेर काढतात. ही फाइल प्रश्नावलीपेक्षा जास्त बोलते, कारण कराराचं कोणतं कलम प्रत्यक्षात तुटतं ते तिच्यात दिसतं. त्याच सुमारास बोर्डाकडे लेखी माहिती मागितली जाते : पगाराच्या कोणत्या पायरीवर किती शिक्षक, आरोग्य विम्याचा खर्च, लेखापरीक्षण अहवाल, राखीव निधी. वाटाघाटीसाठी लागणारी माहिती नाकारणं ही बहुतेक राज्यांत ‘अनुचित श्रमप्रथा’ ठरते. ही मागणी लेखी आणि तारखेसह असावी. तोंडी मागितलेल्या माहितीचा पुरावा नंतर कुठून आणणार?

कॅलिफोर्नियात दोन्ही बाजूंचे पहिले प्रस्ताव बोर्डाच्या जाहीर सभेत मांडावे लागतात, लोकांना बोलायला वेळ द्यावा लागतो, आणि मगच बैठका सुरू होतात. टेबलावर प्रत्येक बाजूचा एकच मुख्य वक्ता असतो; बाकीचे नोंदी घेतात आणि अडलं की सगळे बाजूच्या खोलीत जाऊन आपसांत ठरवतात. सोपी कलमं आधी उरकतात. जे कलम पटलं त्यावर दोघं आद्याक्षरं आणि तारीख टाकतात, पण सगळा करार मंजूर होईपर्यंत ती मान्यता तात्पुरतीच. पैशांचं कलम जवळजवळ नेहमी शेवटी येतं.

गाडं अडलं की मध्यस्थ बोलावतात. तो दोन खोल्यांमध्ये ये-जा करतो. निर्णय लादण्याचा अधिकार त्याला नसतो. कॅलिफोर्नियात मध्यस्थी फसली तर तीन जणांची तथ्यशोधन समिती बसते : एक युनियनचा, एक बोर्डाचा, एक तटस्थ अध्यक्ष. तिचा अहवाल सल्ल्याच्या स्वरूपाचा असतो. अहवालानंतरही जमलं नाही तर बोर्ड आपला शेवटचा प्रस्ताव लागू करू शकतं आणि युनियन संपावर जाऊ शकते.

इतर राज्यांतले टप्पे वेगळे. इलिनॉयमध्ये संपाआधी दहा दिवसांची नोटीस लागते. शिकागोबाहेरच्या डिस्ट्रिक्टमध्ये दोन्ही बाजूंचे अंतिम प्रस्ताव जाहीर करून चौदा दिवस थांबावं लागतं, म्हणजे पालकांना ते शेजारी ठेवून वाचता येतात. ही तरतूद आम्हाला फार चांगली वाटते. शिकागोसाठी २०११च्या कायद्याने वेगळी अट घातली : संपाला युनियनच्या एकूण सभासदांपैकी ७५ टक्क्यांची मंजुरी हवी. जो मत देत नाही तो आपोआप विरोधात मोजला जातो. ही अट पार होणार नाही असा अनेकांचा होरा होता. २०१२ मध्ये जवळपास ९० टक्के सभासदांनी बाजूने मत दिलं, कारण युनियनने कित्येक महिने आधीपासून प्रत्येक शाळेत कृती समिती उभी करून माणसागणिक याद्या ठेवल्या होत्या. पेनसिल्व्हेनियात ४८ तासांची नोटीस पुरते, पण वर्षाचे १८० शालेय दिवस १५ जूनपर्यंत पूर्ण होतील अशा बेताने संप थांबवावा लागतो.

यातली एक पायरी जरी चुकली तरी बोर्डाला कोर्टातून मनाई हुकूम मिळवणं सोपं जातं. मागण्या कितीही रास्त असोत, तारीख चुकली की पुढची चर्चा मागण्यांवर होतच नाही.

प्रश्न : ‘तीन टक्के वाढ’ असं जाहीर होतं आणि तरी शिक्षक नाराज असतात. तीन टक्क्यांचा नेमका हिशेब काय?

हा प्रश्न विचारला याचा आनंद झाला, कारण बहुतेक भांडणं इथेच असतात.

अमेरिकेतल्या शिक्षकाचा पगार एका तक्त्यावर ठरतो. उभ्या दिशेने नोकरीची वर्षं, म्हणजे पायऱ्या. आडव्या दिशेने शिक्षण, म्हणजे पदवी, पदव्युत्तर, त्यावरची क्रेडिट्स असे रकाने. वर्ष सरलं की शिक्षक एक पायरी वर जातो. पायरीची वाढ जुन्याच करारात कबूल झालेली असते. तक्त्यातले सगळे आकडे वर सरकवणं ही वेगळी वाढ. बोर्ड ‘तीन टक्के’ म्हणतं तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारायचा : पायरी धरून की पायरी सोडून?

समजा, ४०० शिक्षक आहेत आणि सरासरी पगार ७०,००० डॉलर आहे. एकूण पगारखर्च २ कोटी ८० लाख, त्याचा एक टक्का २,८०,०००. पेन्शन आणि पगारावरचे कर यांचा भार पगाराच्या २० टक्के धरला तर बोर्डाला एक टक्का ३,३६,०००ला पडतो. आता निम्मे शिक्षक अजून पायऱ्या चढत आहेत आणि पायरीची सरासरी वाढ अडीच टक्के आहे असं धरू. त्याचा खर्च ३,५०,०००, म्हणजे एकूण पगाराच्या सव्वा टक्का. पायरी धरून तीन टक्के दिले, तर तक्ता फक्त पावणेदोन टक्क्यांनी सरकतो. सगळ्यात वरच्या पायरीवर पोचलेल्या जुन्या शिक्षकाच्या हाती तेवढेच पडतात आणि महागाई त्याहून जास्त असेल तर त्याचा पगार खरं तर घटतो.

दुसरी बाजूही मोजायला हवी. बोर्ड खर्चाचा अंदाज मांडताना सगळे शिक्षक आहेत तसेच राहतील असं धरतं. समजा, ९५,००० घेणारे १५ जण निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी ५५,००० वर नवे आले. ६ लाख वाचले. वरच्या उदाहरणात ही रक्कम दोन टक्क्यांहून जास्त आहे. युनियनने हा आकडा स्वतः काढून टेबलावर ठेवला नाही, तर तो कोणी ठेवत नाही.

वाढ कोणत्या वर्षी किती, यानेही फरक पडतो. ७०,००० वर पहिल्या वर्षी १, मग ३, मग ५ टक्के दिले किंवा उलट ५, ३, १ दिले, तरी तिसऱ्या वर्षाचा पगार एकच येतो : ७६,४६२. पण तीन वर्षांत मिळून हाती पडलेली रक्कम दुसऱ्या रीतीत ५,६८४ डॉलरने जास्त असते. बोर्डाला पहिली रीत आवडते, शिक्षकाला दुसरी. मधला मार्ग ३, ३, ३. एकरकमी बोनसचं आणखी वेगळं. तो तक्त्यात शिरत नाही, त्यामुळे पुढच्या वाढीचा पाया वाढत नाही, आणि अनेक ठिकाणी पेन्शनसाठीही धरला जात नाही.

शेवटी विमा. समजा, कुटुंबाच्या विम्याचा वार्षिक हप्ता २४,००० आहे आणि शिक्षकाचा वाटा १० वरून १५ टक्क्यांवर नेला. वर्षाला १,२०० डॉलर जास्त गेले, म्हणजे ७०,००० पगाराचे १.७ टक्के. पगाराचं कलम आणि विम्याचं कलम वेगवेगळ्या दिवशी चर्चेला आलं की ही वजाबाकी नजरेतून निसटते. दोन्ही एकाच कागदावर मांडावीत.

प्रश्न : वर्गातली मुलांची संख्या, नर्स, ग्रंथपाल यांवर युनियनला बोलता येतं का? की फक्त पगारावर?

राज्याच्या कायद्यात विषयांचे तीन वर्ग असतात : ज्यांवर बोलणं बंधनकारक, ज्यांवर दोघांची इच्छा असेल तर बोलता येतं, आणि ज्यांवर बोलताच येत नाही. पगार, तास, रजा पहिल्या वर्गात. वर्गसंख्या कॅलिफोर्नियात पहिल्या वर्गात आहे. बऱ्याच राज्यांत दुसऱ्या. शिकागोत ती कित्येक वर्षं बोर्डाच्या मर्जीवर होती. २०२१च्या कायद्याने ते बंधन उठलं.

लॉस एंजेलिसचा जानेवारी २०१९ चा संप या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ३०,००० हून जास्त शिक्षक सहा शालेय दिवस बाहेर होते. पगारवाढ मिळाली सहा टक्के, आणि तेवढी तर डिस्ट्रिक्टने संपाआधीच देऊ केली होती. तथ्यशोधन अहवालातही तोच आकडा होता. मग सहा दिवस कशासाठी? जुन्या करारात ‘१.५’ क्रमांकाचं एक कलम होतं. वर्गसंख्येची मर्यादा करारात लिहिलेली असली तरी पैशांची अडचण सांगून ती ओलांडण्याची मुभा ते डिस्ट्रिक्टला देत होतं. ते कलम काढून टाकलं गेलं. चौथीपासून बारावीपर्यंतचे वर्ग पहिल्या दोन वर्षांत एकेका मुलाने आणि तिसऱ्या वर्षी दोन मुलांनी लहान करायचं ठरलं. प्रत्येक शाळेत पूर्ण वेळ नर्स आणि माध्यमिक शाळांत ग्रंथपाल हेही लिहून घेतलं.

कलम वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात. क्रियापद कोणतं आहे : ‘असेल’ की ‘असावी यासाठी प्रयत्न केला जाईल’? दुसऱ्या वाक्यावर कोणताही लवाद काही देऊ शकत नाही. मर्यादा कोणत्या तारखेला मोजायची ते लिहिलं आहे का? आणि मर्यादा ओलांडली तर काय : जादा मुलामागे शिक्षकाला पैसे, मदतनीस, की वर्ग तोडणं? उपाय लिहिलेला नसेल तर तक्रार जिंकूनही वर्ग तेवढाच राहतो.

तक्रारीचा मार्ग ठरलेला असतो : मुख्याध्यापक, मग सुपरिंटेंडंटचं, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या मुख्य अधिकाऱ्याचं, कार्यालय, मग काही ठिकाणी बोर्ड, शेवटी तटस्थ लवाद. प्रत्येक पायरीला दिवसांची मुदत असते. चांगल्या तक्रारी बहुतेक वेळा मुदत टळल्यामुळे बाद होतात, म्हणून प्रत्येक शाळेच्या युनियन प्रतिनिधीला ही मुदत पाठ असली पाहिजे.

प्रश्न : संप बेकायदा असताना शिक्षक संपावर गेले तर शिक्षा काय?

न्यूयॉर्कच्या १९६७च्या टेलर कायद्याखाली संपाच्या प्रत्येक दिवसामागे दोन दिवसांचा पगार जातो. शिवाय युनियनची वर्गणी पगारातून परस्पर कापून देण्याची सोय काढून घेता येते, आणि युनियनला शिक्षकामागे शिक्षक गाठत वर्गणी गोळा करावी लागते. याच राज्यात १९८२च्या दुरुस्तीने उलट दिशेचं एक संरक्षण दिलं : करार संपला तरी नवा होईपर्यंत जुन्याच्या सगळ्या अटी, पायरीवाढीसह, चालू राहतात. त्यामुळे तिथले शिक्षक वर्षानुवर्षं जुन्या करारावर काम करताना दिसतात, पण संप क्वचितच होतो.

इतर ठिकाणी शिक्षा आणखी कडक झाल्या आहेत. विस्कॉन्सिनमधल्या हॉर्टनव्हिलमध्ये १९७४ साली संपावरच्या ८४ शिक्षकांना बोर्डाने काढून टाकलं. बोर्डाला तसा अधिकार आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये दिला. कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टमध्ये १९७८ साली कोर्टाचा हुकूम मोडल्याबद्दल २७४ शिक्षक तुरुंगात गेले. अलीकडे दंडावर भर असतो. मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटनमध्ये २०२४च्या सुरुवातीला अकरा शालेय दिवस बुडाले, आणि २५,००० डॉलरपासून सुरू झालेला युनियनचा दंड शेवटी ६ लाखांच्या वर गेला.

वेस्ट व्हर्जिनियात २०१८ मध्ये मात्र वेगळं घडलं. तिथे वाटाघाटींचा हक्क नव्हता, संपही बेकायदा होता. आरोग्य विम्याचे वाढते हप्ते आणि तुटपुंजा पगार यांमुळे २२ फेब्रुवारीला सगळ्या ५५ काउंट्यांत शिक्षक बाहेर पडले. सुपरिंटेंडंटांनी स्वतःच शाळा बंद जाहीर केल्या. शाळाच बंद, त्यामुळे गैरहजेरी नाही आणि पगारकपातही नाही. २७ फेब्रुवारीला युनियनच्या नेत्यांनी आणि गव्हर्नरांनी पाच टक्के वाढीचा तोडगा जाहीर केला. शिक्षकांनी तो पुरेसा मानला नाही, कारण विधिमंडळाने तोवर काहीच मंजूर केलं नव्हतं. पुढे विधिमंडळाच्या सिनेटने पाचाचे चार टक्के करून पाहिले, यावरून त्यांची शंका रास्त होती हे दिसतं. ६ मार्चला सगळ्या राज्य कर्मचाऱ्यांना पाच टक्के वाढ देणाऱ्या विधेयकावर सही झाली, आणि नऊ शालेय दिवसांनंतर शाळा उघडल्या. जिथे करार नसतो तिथे कायद्यावरची सही हाच करार. तिच्याआधी उठून जाणं धोक्याचं.

प्रश्न : पालक म्हणून विचारते. संपात मुलांचं नुकसान होतं ते कोण भरून देतं?

दिवस भरून निघतील की नाही हे तडजोडीतच ठरतं. २०१९ मध्ये शिकागोत अकरा दिवस बुडाले. त्यांतले पाचच भरून काढायचे ठरलं, तेही शेवटच्या घटकेला खूप ताणल्यावर. म्हणून पालकांनी बोर्डाच्या सभेत हा प्रश्न संपाआधीच लावून धरावा. गरीब घरातल्या मुलांना शाळेतलं जेवण हेच दिवसातलं खरं जेवण असतं. वेस्ट व्हर्जिनियातल्या शिक्षकांनी शाळा बंद होण्याआधी जेवणाची पाकिटं बांधून मुलांच्या घरी पोचवली. ही तयारी ज्या संपाने केलेली नसते, त्याला पालकांचा पाठिंबा मागण्याचा हक्क नाही असं आमचं स्पष्ट मत आहे. अपंग मुलांचे उपचार आणि विशेष शिक्षणाचे तास बुडाले असतील तर त्यांच्या भरपाईसाठी डिस्ट्रिक्टकडे लेखी अर्ज करा. संपामुळे ती जबाबदारी टळत नाही.

नुकसान किती, हे बरंचसं लांबीवर अवलंबून असतं. २००७ ते २०२३ मधल्या अमेरिकेतल्या ७७२ संपांचा एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतले ६५ टक्के संप पाच दिवसांत किंवा त्याआधी मिटले होते, पाच वर्षांनी शिक्षकांचा मोबदला सुमारे ८ टक्क्यांनी वाढलेला होता, आणि मुलांच्या गुणांवर मोठा परिणाम आढळला नाही. अर्जेंटिनात मात्र वर्षानुवर्षं संप होत राहिले. तिथे प्राथमिक शाळेत असताना खूप दिवस गमावलेल्या मुलांची मोठेपणीची कमाई मुलग्यांच्या बाबतीत सुमारे ३ आणि मुलींच्या बाबतीत सुमारे २ टक्क्यांनी कमी निघाली. आठवडाभराचा संप आणि पुन्हा पुन्हा बुडणारी शाळा यांना एका मापाने मोजू नये.

प्रश्न : संपाच्या काळात शिक्षकाचा पगार आणि विमा यांचं काय होतं?

पगार बंद. करारात १९० कामाचे दिवस असतील तर पाच दिवसांचा संप म्हणजे वर्षाच्या पगाराचे २.६ टक्के, तेवढे दिवस भरून काढले तर परत मिळतात. विमा सहसा महिनाअखेरपर्यंत चालू असतो. त्यानंतर बोर्ड आपला हप्ता थांबवू शकतं आणि शिक्षकाला पूर्ण हप्ता स्वतः भरून तो चालू ठेवावा लागतो. म्हणून महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दोन्ही बाजूंवरचा ताण वाढतो. संपाची तारीख ठरवताना कॅलेंडर समोर हवं. घरात कोणाची शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण असेल अशा शिक्षकांची यादी आणि त्यांच्यासाठी मदतनिधी आधीच तयार हवा.

डिस्ट्रिक्टचंही नुकसान होतं, पण सगळीकडे सारखं नाही. कॅलिफोर्नियात राज्याचं अनुदान मुलांच्या सरासरी हजेरीवर मिळतं. संपात मुलं आली नाहीत की अनुदान बुडतं, त्यामुळे तिथल्या डिस्ट्रिक्टला प्रत्येक दिवस महाग पडतो. जिथे अनुदान हजेरीला जोडलेलं नाही आणि दिवस नंतर भरून काढता येतात, तिथे बोर्ड शांतपणे वाट पाहू शकतं.

प्रश्न : संप फसतो तो कशाने?

समोर जो बसला आहे त्याच्या हातात पैसे नसतील तर. ओक्लाहोमाचं उदाहरण घ्या. २०१८ मध्ये शिक्षकांची मागणी तीन वर्षांत १०,००० डॉलर वाढ आणि शाळांसाठी २० कोटींचा जादा निधी अशी होती. बाहेर पडण्याआधीच विधिमंडळाने सरासरी ६,१०० डॉलरची वाढ मंजूर केली. ही मोठीच जीत होती. त्यानंतर २ ते १२ एप्रिल शाळा बंद राहिल्या, पण शाळांच्या निधीत फारसं काही हाती लागलं नाही. त्या राज्यात कर वाढवायला दोन्ही सभागृहांत ७५ टक्के मतं लागतात; एकदा ती गोळा झाली, दुसऱ्यांदा होण्याची चिन्हं नव्हती. बोर्डांची सहानुभूती होती, पण देण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं. काय मिळालं की परत फिरायचं, हेही आधी ठरलं नव्हतं.

दुसरं कारण सभासदांना अंधारात ठेवणं. २०१२ मध्ये शिकागोत तडजोड झाल्यावर प्रतिनिधींनी लगेच संप मागे घेतला नाही. कराराचा मसुदा शाळाशाळांत वाचायला दोन दिवस घेतले आणि सात शालेय दिवसांनंतर तो मिटवला. शहराच्या महापौरांनी त्यावर कोर्टात धाव घेतली, टीकाही झाली. पण वाचून मान्य केलेला करार शिक्षक पाळतात आणि राबवूनही घेतात. घाईत मंजूर झालेल्या करारातली पळवाट सहा महिन्यांनी कुणाच्या तरी वर्गात सापडते.

प्रश्न : युनियनचा सभासद नसलेल्या शिक्षकालाही करार लागू होतो का?

होतो, पगार, रजा, तक्रारीचा हक्क सगळं. १९७७ मध्ये डेट्रॉइटच्या शिक्षकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की अशा शिक्षकाकडून वाटाघाटीच्या खर्चाचा वाटा घेता येईल. जून २०१८ मध्ये जेनस खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी तो निकाल फिरवला गेला. आता सरकारी नोकराच्या संमतीशिवाय एक पैसाही कापता येत नाही. करार मंजूर करण्याच्या मतदानात मात्र सहसा सभासदांनाच मत असतं. ज्याला कलमांबद्दल काही म्हणायचं आहे त्याने आत येऊन म्हणावं.

प्रश्न : संप टाळून न्याय मिळण्याची काही व्यवस्था आहे का?

कनेक्टिकटने १९७९ मध्ये, ब्रिजपोर्टच्या अटकांनंतर वर्षभरात, बंधनकारक लवादाचा कायदा केला. वेळापत्रक गावाच्या अंदाजपत्रकाच्या तारखेला बांधलेलं आहे : २१० दिवस आधी वाटाघाटी सुरू, १६० दिवस आधी मध्यस्थी, १३५ दिवस आधी लवाद. लवादापुढे दोन्ही बाजू प्रत्येक मुद्द्यावर आपला अंतिम प्रस्ताव ठेवतात आणि लवादाला दोहोंपैकी एकच निवडावा लागतो. मधला आकडा काढता येत नाही. म्हणून अवाजवी मागणी करणारा हरतो आणि दोन्ही आकडे आपोआप जवळ येतात. गावाची आर्थिक कुवत लवादाला विचारात घ्यावीच लागते. निवाडा पटला नाही तर गावाच्या निर्वाचित मंडळाला दोन तृतीयांश मतांनी तो एकदा फेटाळता येतो. मग दुसरं लवाद मंडळ फेरविचार करतं.

तिथे शिक्षकांचे संप जवळजवळ थांबले. याची किंमतही आहे. लवाद जुन्या चौकटीतच विचार करतो. शेजारच्या गावांत काय मिळतं ते पाहून आकडा निवडतो. प्रत्येक शाळेत नर्स हवी अशी नवी मागणी त्याच्याकडून सहज मंजूर होत नाही, कारण तुलनेला दुसरं गाव नसतं. पगार, विमा, रजा यांसाठी ही व्यवस्था आम्हाला संपापेक्षा बरी वाटते. नव्या मागण्यांसाठी मात्र लवादाची तारीख येण्याआधीच, अंदाजपत्रकाच्या जाहीर सभांमध्ये पालकांना बरोबर घेऊन बोर्डाचं मन वळवावं लागतं, आणि त्यासाठी २१० दिवसांच्याही आधी सुरुवात करावी लागते.